पोळ्याच्या दिवशी टोचन

"एवढे धडधाकट बैल गावात, आणि एकही जुंपायचा नाही?" घाटपांडे गुडघाभर चिखलातून ओरडले. डोंगर तुडवायला हौसेनं घेतलेली त्यांची जीप क्लच जळून ओढ्याकाठी बसली होती. टोचन लावून घरी न्यायला आलेला गाडीवाला चिखलात उतरायला तयार नव्हता. वरच्या डांबरी रस्त्यावरून नुसता हॉर्न मारत होता.

"आज पोळा हाये, साहेब. आज बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाय," म्हातारा शेतकरी म्हणाला.

घाटपांड्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे बैलांनी झुली पांघरून मिरवायचं आणि माणसांनी चिखलात मरायचं? मोठे आले बैलांचे लाड करणारे!

म्हाताऱ्यानं जीपला दोर बांधला. त्याचं टोक स्वतःच्या खांद्यावर घेतलं, तशी आणखी पाचसहा माणसं धावली. मग घाटपांडेही चडफडत दोराला लागले.

जीप रस्त्याला लागली तेव्हा त्यांचा खांदा सोलवटला होता. ते पुन्हा तोंड उघडणार, तोच म्हाताऱ्याची बायको ताट घेऊन आली. बैलाला चोळावं तसं तिनं त्यांच्या खांद्याला हळद-लोणी चोळलं आणि उघड्या तोंडात पुरणपोळी भरवली.

"खा बाबा," ती म्हणाली. "आज ओढणाऱ्याचा मान."