शेवटच्या ओळीतलं नाव

नव्याण्णव साली अख्ख्या पाथर्डीत कंप्युटरला स्टिरिओ जोडणारा प्रवीण पहिलाच. भरदुपारी त्यानं कंप्युटरमागची वायर अ‍ॅम्प्लिफायरच्या लाल-पांढऱ्या भोकांत खोचली आणि कॅसेटवरून भरून घेतलेलं आपलं गाजलेलं भीमगीत लावलं.

गीत खरं चांगुणाआत्याचं. तिला अक्षर येत नव्हतं. ती सांगायची, हा लिहून घ्यायचा. रचणाऱ्याचं नाव शेवटच्या ओळीत येतं, तिथं 'सांगे चांगुणा' होतं. कॅसेट निघाली तेव्हा यानं तिथं 'सांगे प्रवीण' केलं.

"माजं नाव कुठं हाय रे?" आत्या मरेपर्यंत विचारत राहिली. शेवटी शेवटी तर यानं तिला दारात उभंही केलं नाही.

आता दोन्ही स्पीकर दणाणत होते. शेवटची ओळ आली, आणि त्याच्या नावाच्या जागी नुसती शांतता.

त्यानं पुन्हा लावलं. या खेपेला त्या जागी कुणीतरी श्वास घेतला.

तिसऱ्यांदा आत्याचाच घोगरा आवाज आला, 'सांगे चांगुणा.'

त्यानं वायर उपटली. गाणं चालूच.

"दीपा!" तो ओरडला. बायको पिठाच्या हातांनी बाहेर आली आणि त्याला पाहून उंबऱ्यातच थबकली. तिनं डोक्यावर पदर घेतला.

"कोण पाहिजे आपल्याला? घरात पुरुषमाणूस न्हाई आत्ता."

तो नाव सांगायला गेला. तोंड उघडलं, पण नाव काही आठवेना.

स्पीकरमधून आत्या सावकाश म्हणाली, "सांग की रे. आता तुजं नाव सांग."