हात लागला नाही

शिट्टी वाजली तोवर तक्षशीला चौकोनातून उठून पळालीसुद्धा होती. "फाउल! नुसतं ओरडून खो होत नाही, पाठीला हात लागला पाहिजे," पंच म्हणाले. तेवढ्यात समोरच्या संघाची मुलगी निसटली.

बुद्धविहारामागच्या वस्तीतून मंडळात खेळायला आलेली तक्षशीला पहिलीच. सरावात बाकीच्यांच्या पाठीवर थाप पडायची. तिच्या मागे मुली नुसतं 'खो' म्हणायच्या. सर बघायचे, पण काही बोलायचे नाहीत. तिला वाटायचं, आपण चटकन उठतो, म्हणून आपल्याला हात लागत नाही.

मध्यंतरात सर तिच्यावरच उखडले. "हात लागायच्या आत उठतेसच कशी? अक्कल गहाण टाकलीस का?" कर्णधार ईश्वरी खाली बघत बुटाची नाडी बांधत राहिली.

दुसऱ्या डावाची अखेरची मिनिटं. मागे ईश्वरीची धाप ऐकू आली. "खो!" तक्षशीला हलली नाही.

"खो! अगं, ऊठ ना!" आता सरही ओरडत होते.

तिने पाठ ताठ केली आणि हाताची वाट बघत बसून राहिली. सामना संपल्याची शिट्टी झाली, तरी तो आला नाही.