उलथनं

नव्या बाईने तव्यावरची भाकरी बोटांनी उलटली आणि झटकन हात तोंडाशी नेला. तिची नजर उलथन्याकडे वळताच हॉटेलचा मॅनेजर खेकसला, "उलथनं घ्यायचं नाही! काचेतून गिऱ्हाईक हातची भाकरी बघतंय. सोजरबाई, हिला तयार करा. आधीच्या दोघी पळाल्या, ही टिकली पाहिजे."

सोजरने मान डोलावली. तीही अशीच रडत शिकली होती. उजवा हात पोळला की डाव्याने उलटायची, डावा पोळला की पुन्हा उजव्याने. दिवाळीपर्यंत दोन्ही हातांची बोटं निबर झाली, चटका कळेनासा झाला. "आता पक्क्या झालात," म्हणत मॅनेजरने सगळ्यांसमोर साडी दिली. तिलाही अभिमान वाटला होता.

त्याच थंडीत एका सकाळी तिची पोर कण्हत होती. सोजरने तिच्या कपाळावर एका हाताची बोटं टेकवली, मग दुसऱ्या हाताची. "कुठं काय, गार तर हाय," म्हणत ती कामावर आली. दुपारी शेजारीण धावत आली. पोर तापाने फणफणली होती, तिला आकडी आली होती. दवाखान्यात पोचेपर्यंत ती गेली.

"लेकरं हायत का गं?" सोजरने नवीला विचारलं.

"एक हाय. आत्ताच चालाय लागलंय."

पोळलेली बोटं पदरात गुंडाळून नवीने डावा हात तव्याकडे नेला. सोजरने तो मनगटाला धरून मागे ओढला.

"रड, पण उजव्यानंच उलट. ह्यो लेकरासाठी ठेव."