टॅरंट्युलाच्या दारावरची पाटी

"हळू बोल, ती घाबरेल!" शार्दूल कुजबुजला. केतकीच्या खांद्यावर त्यांची दोन आठवड्यांची लेक भोकाड पसरून रडत होती, पण त्याला काळजी होती ती टॅरंट्युलाची.

पंजाएवढ्या केसाळ कोळ्याची ती मादी अंड्यांची रेशमी पिशवी कवटाळून काचेच्या पेटीत बसली होती. तिच्यासाठी शार्दूलसाहेबांनी अख्खी खोली रिकामी केली होती. खिडकीला काळा पडदा, दारावर पाटी: 'आत येऊ नये. आईला त्रास झाला तर ती अंडी खाते.' सासूबाईसुद्धा तिथून चवड्यांवर जात.

केतकीच्या खोलीचा मात्र एसटी स्टँड झाला होता. कुणीही झबलं घेऊन टपकायचं, झोपलेलं बाळ उचलायचं आणि "हिचं दूध पुरत नाही वाटतं," असं ऐकवून चहा पिऊन जायचं.

"लोक प्रेमानं येतात गं," शार्दूल म्हणायचा.

रविवारी पिल्लं बाहेर आली. एकमेकांना खाऊ नयेत म्हणून शार्दूल मऊ ब्रशनं एकेकाला वेगळ्या डबीत ठेवत बसला. चेहऱ्यावर काय ते वात्सल्य! लेकीचा लंगोट बदलायचा म्हटलं की याच हातांना नेमकं दुसरं काम निघायचं.

संध्याकाळी त्याची आत्या चार बायकांना घेऊन आली आणि केतकीच्या बंद दारापाशीच अडकली. पाटी आता तिथे लटकत होती.

"केतकी, हा काय तमाशा?" शार्दूल ओरडला.

"हळू बोल," आतून आवाज आला. "आईला त्रास होतोय. आणि मी खायची सुरुवात लेकीपासून करणार नाही."