सोमवारचं ड्रेसिंग

सहा नंबरच्या खाटेवरच्या आजोबांच्या पायाची जखम इतकी छान सुकत आली होती, की त्यांनी घरी जायची पिशवीसुद्धा भरून ठेवली होती. आज रिपोर्ट आला. शेजारच्या पाच नंबरच्या पेशंटच्या जखमेतले जंतू आता आजोबांच्या जखमेतही सापडले. नेहमीच्या एकाही अँटिबायोटिकला ते दाद देत नाहीत. अंगठा कापावा लागेल, असं डॉक्टर म्हणाले.

मी ड्रेसिंगचा ट्रे घेऊन गेले, तसा आजोबांनी पाय मागे ओढला.

"नको सिस्टर. तुम्हाला हे जंतू लागले म्हणजे? घरी लेकरंबाळं आहेत तुमची."

"काही होत नाही आजोबा. हातमोजे आहेत ना."

"आणि सोमवारी? फार घाईत होतात तुम्ही. तेव्हा होते का?"

"होते."

"मग ठीक." त्यांनी निश्चिंत होऊन पाय पुढे केला. "माझ्यापायी तुम्हाला काही झालं असतं, तर जिवाला लागून राहिलं असतं हो."

मी मान खाली घालून पट्टी सोडू लागले. सोमवारी हातमोजे होतेच. पाच नंबरचं ड्रेसिंग उरकून, हातमोजे न बदलताच मी आजोबांचा पाय हातात घेतला होता.