कुलूप तोडलेली प्रत

मालक खुर्ची ओढून मागे बसले आणि मी गेम सुरू केला. तलवार उपसली, पन्नास घोडेस्वार अंगावर आले. खेळ कुठेच गोठला नाही.

चोरी होऊ नये म्हणून मालकांनी आमच्या गेमला कुलूप घालायला लावलं होतं. प्रत विकतची आहे का, हे ते सारखं तपासतं आणि तेवढा वेळ खेळ गोठतो, असा अहवाल आमच्या विभागात गेमची चाचणी करणाऱ्या वृषालीने तीनदा दिला. त्यावर मालकांचा उपाय एकच: चित्र लहान काढा आणि ताणून मोठं करा. घोड्यांची तोंडं पुसट झाली, पण गोठणं काही थांबलं नाही. विकत घेणारे महिनाभर शिव्या घालत होते. आज मालकांसमोरही खेळ गोठला असता, तर आमचा विभागच बंद होणार होता.

म्हणून सकाळी मी चोरांच्या साइटवरून आमच्याच गेमची, चित्रं ताणण्याआधीची, कुलूप तोडलेली प्रत उतरवून घेतली.

“यात कुलूप आहे ना?” मालकांनी विचारलं.

“आहे, सर.”

ते वृषालीकडे वळले. “मग कुठे अडकतंय? महिनाभर उगाच सगळ्यांना कामाला लावलंत. कुलूप राहील. तुम्ही उद्यापासून येऊ नका.”

वृषाली स्क्रीनजवळ वाकली. घोड्यांची तोंडं स्वच्छ दिसत होती. तिला कळायला क्षणही लागला नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, मग मागे बसलेल्या आमच्या नऊ जणांकडे पाहिलं, आणि बॅग उचलली.

“अजून एक लढाई दाखवा,” मालक म्हणाले.

मी दाखवली.