कमळाकरच्या वहाणा

"छत्रीवर शिक्का कोणी मारला? हात वर करा!" कमळाकर ओरडला.

अख्ख्या वाडीनं हात वर केले. तेही हसत हसत. म्हाताऱ्या हौशीच्या हातात कोंबडी होती, तिनं कोंबडीसकट वर केला.

कमळाकरच्या पायाखालची जमीन सरकली असती तर बरं झालं असतं. ती सरकत नव्हती, नुसती भाजत होती. शेणवे गावापलीकडच्या त्या वाडीत भर दुपारी तो एक पाय उचलून दुसऱ्यावर उभा राहायचा, मग तो उचलायचा. बावन्न सालापासून त्याच्या पायात वहाण नव्हती. "आपला माणूस दिल्लीच्या लोकसभेत बसेल तेव्हाच वहाणा घालीन," असं तो शहापूरच्या बाजारात सभेत बोलून गेला. टाळ्या पडल्या आणि गडी अडकला. आता बासष्ट साल उजाडलं होतं. बायको, गोदी, दर दिवाळीला वहाणांना तेल लावून परत खुंटीला टांगत होती.

त्याच्या पक्षाची निशाणी झाड. समोरच्यांची छत्री, आणि दिल्लीत राज्य छत्रीवाल्यांचंच.

बावन्नला प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी होती. "झाडाच्या पेटीला विसरू नका," असं कमळाकरनं वाडीला सांगितलं. नाय विसरले. पेटीला हळदकुंकू वाहिलं आणि मताचा कागद प्रसाद म्हणून घरी नेला. सत्तावन्नला त्यानं बजावलं, कागद पेटीतच टाका. टाकला. पण दारातल्या पोलिसानं "रांग मोडू नका" म्हणून दम दिला होता, म्हणून पुढच्यानं जिथं टाकला तिथंच मागच्या सगळ्यांनी टाकला. पुढचा नेमका चकला होता.

यंदा पद्धतच नवी. एकच कागद, त्यावर सगळ्यांच्या निशाण्या, हव्या तिच्यावर शिक्का. कमळाकर महिनाभर रोज वाडीत आला. बटाटा कापून शिक्का केला, काजळात बुडवला आणि एकेकाकडून झाडावर मारून घेतला. ते झालं की भाषण. "जास्त माणसं ज्यांची, राज्य त्यांचं! तुमी निवडाल तो पाच वर्षं दिल्लीत बसेल!" भाषण लांबलं की आधी पोरं झोपायची, मग बाया, मग कोंबड्या. कमळाकर थांबायचा नाही.

आणि एवढं करून निकाल हा असा! झाड आडवं, छत्री दिल्लीला.

"गुरुजी आवडत नाय तुमाला?" त्यानं विचारलं. झाडाचे उमेदवार गुणाजी गुरुजी होते. वाडीत कोणी आजारी पडलं की झोळीला स्वतः खांदा देऊन आटगाव स्टेशनापर्यंत नेणारे.

"वा! गुरुजी तर आपलंच माणूस," जनी म्हणाली.

"मग छत्रीचा धर्माशेठ आवडतो?"

चार-पाच जण एकदम थुंकले. धर्माशेठ जंगलाचा ठेकेदार होता. वाळकी काटकी उचलली तरी कोयता काढून घ्यायचा.

"मग का रे, का?"

धाऊ पुढं आला. जन्मभर जंगलात कुऱ्हाड चालवलेला म्हातारा. "भाऊ, जंगलात तोड निघते तवा गार्ड झाडावर खूण ठोकतो. ठोकली का झाडाचं काय व्हतं?"

"तोडतात."

बोलता बोलता कमळाकरच्या डोक्यात उजेड पडला. त्यानं कपाळ बडवलं. "अरे देवा! शिक्का मारला की माणूस पडतो, असं वाटलं तुमाला? उलटं रे, उलटं! ज्याच्यावर शिक्का तो निवडून येतो!"

"ते ठाव हाय," धाऊ म्हणाला. "महिनाभर बटाट्यानं तेच तर शिकवलं तुमी. पण तोडल्यावर त्या झाडाचं काय व्हतं? ट्रकात भरून लांब नेतात. खुणेचं झाड परत आलेलं कदी बघितलं?"

"म्हणजे?"

"तुमीच बोल्ले ना, निवडून आला तो पाच वरसं दिल्लीला. मंग गुरुजींना कशाला घालवू? धर्माशेठला घालवला."

"गुरुजी गेले तर झोळीला खांदा कोण देल?" जनीनं विचारलं.

"मुरबाडकडं आमची सोयरी हायेत," धाऊ म्हणाला. "त्यांनीबी नको तोच धाडला."

कमळाकर मटकन खाली बसला, चटका बसला तसा परत उठला. छत्रीवाल्यांना दर वेळी दिल्लीत बहुमत मिळतं तरी कुठून, यावर पक्षाची मोठी माणसं दहा वर्षं डोकं खाजवत होती. इथं एका म्हाताऱ्यानं ते उभ्या उभ्या सांगून टाकलं होतं.

"म्हणजे चांगला माणूस तुमी कधीच निवडून देणार नाय!" तो किंचाळला. "माझ्या वहाणा खुंटीवर कुजणार! बस झालं. पुढच्या वेळी मीच उभा राहतो. पाच वर्षं रोज येईन इथं, रोज भाषण करीन, मग बघतो कोणाला मत देता!"

बायांनी एकमेकींकडं बघितलं. धाऊनं कमळाकरच्या पोळलेल्या पायांकडं बघितलं. मग जनीचा हात वर गेला, मग कोंबडीसकट हौशीचा, मग सगळ्यांचेच.

"उभं राहाच, भाऊ," धाऊ म्हणाला. "तुमाला तर अख्खी वाडी दिल्लीला पाठवील."